जैनबबीच्या अर्ध्या गोळ्या

प्रति,
मे. मुख्य वैद्याधिकारी साहेब,
मनकर्णाबाई धर्मार्थ रुग्णालय,
अमरावती (वऱ्हाड)

अर्जदार : चिंतामण गणेश पिंपळखुटे, शिक्षक, मराठी शाळा, बार्शीटाकळी, जिल्हा अकोला.

विषय : जनाना वॉर्ड, खाट नंबर सात, जैनबबी इनायतुल्ला, राहणार अकोट, यांची उद्या सकाळची शस्त्रक्रिया थांबविण्याबाबत, तसेच खाट नंबर आठ, सौ. सिंधू पिंपळखुटे, हिचे रक्त आजच तपासण्याबाबत.

संदर्भ : आतड्याच्या व्रणांवरील नव्या गोळ्यांचे आपल्या रुग्णालयात चालू असलेले परीक्षण व अर्जदाराने आश्विनात सही करून दिलेले संमतिपत्र.

महोदय,

हा अर्ज आपल्या हाती पडेल तेव्हा उद्याची सकाळ फार दूर राहिलेली नसेल. म्हणून मागणे आधी लिहितो आणि हकीकत मागून. घाईत लिहीत आहे, तरी अक्षराबद्दल क्षमा असावी.

१. सात नंबरच्या खाटेवरील जैनबबी यांना नव्या पिवळ्या गोळ्या लागू पडल्या नाहीत असे आपल्या नजरेस आले, व त्यावरून उद्या गुरुवारी सकाळी त्यांचे मोठे आतडे कापून काढण्याचे ठरले. साहेब, गोळ्या लागू पडल्या नाहीत असे नाही. त्या त्यांच्या पोटात पुऱ्या गेलेल्याच नाहीत. गेला महिनाभर त्यांतील निम्म्या गोळ्या शेजारच्या आठ नंबरच्या खाटेवर असलेली माझी पत्नी सिंधू हिच्या पोटात गेल्या आहेत. कृपा करून शस्त्रक्रिया थांबवावी. एवढे वाचून आपण हा कागद खाली ठेवला व वॉर्डात गेलात, तरी अर्जदाराचे काही म्हणणे नाही.

२. दुसरे मागणेही तितक्याच तातडीचे आहे. सिंधूला सोमवारपासून ताप आहे व घसा धरला आहे. पाणीसुद्धा गिळवत नाही. या गोळ्या घेणाऱ्यांचे रक्त दर आठवड्यास तपासावे लागते, कारण क्वचित एखाद्याच्या रक्तातील पांढऱ्या पेशी या औषधाने घटतात आणि त्याची पहिली खूण ताप व घसा हीच असते, असे संमतिपत्रावर सही घेताना आपणच मला समजावून सांगितले होते. सिंधू गोळ्यांवर आहे हे कोणासच ठाऊक नसल्याने तिचे रक्त त्यासाठी एकदाही तपासले गेलेले नाही. वॉर्डात तिला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या देत आहेत. आता या दोन खाटांवरील दोन्ही बायका एकाच गोष्टीपायी दोन दिशांनी मरणाकडे चालल्या आहेत असे मला वाटते. मी वैद्य नाही. माझे चुकत असेल तर फार बरे होईल.

३. आता हकीकत. सिंधूचे वय चोवीस. आमची मुलगी कुंदा हिच्या जन्मानंतरच्या वर्षी तिला रक्त पडू लागले. आधी घरच्यांनी बाळंतपणाचा अशक्तपणा म्हटले, मग वैद्यांनी संग्रहणी म्हटले. ताकावर ठेवले, बेलफळाचा मुरंबा दिला, कुड्याच्या सालीचा काढा दिला. अकोल्यास डॉक्टरांनी आमांश समजून सुया टोचल्या. त्या सुयांनी तिचे हृदय इतके धडधडे की तिच्या उशाशी बसून मला ते ऐकू येई. गुण कशाने आला नाही. दिवसातून इतक्या वेळा परसाकडे जावे लागे की तिने घरातून बाहेर पडणेच सोडले. माहेरी लग्न निघाले तेव्हा जाते म्हणाली, नवे लुगडे नेसली, आणि उंबऱ्यापर्यंत जाऊन परत फिरली. त्या दिवशी ती मला म्हणाली, "मला माणसांत नेऊ नका. माणसांत माझी फार लाज जाते." हे आपणांस लिहिण्याचे कारण इतकेच की या दुखण्यात रक्ताबरोबर आणखी काय काय जाते ते आपण रोज पाहता, आणि चोरून औषध घेणारी बाई लबाडच असेल असा आपला ग्रह होऊ नये.

४. आश्विनात आम्ही येथे आलो. आतड्याच्या आत व्रण आहेत, हा आमांश नव्हे, असे आपण नळी घालून पाहिल्यावर सांगितले. दुखण्याचे खरे नाव कळले म्हणून त्या दिवशी आम्हां दोघांस आनंद झाला होता, इतके आम्ही थकलो होतो. मग आपण परीक्षणाविषयी सांगितले. परदेशातून आलेल्या सल्फा जातीच्या गोळ्या आहेत, थोड्या आहेत, त्या एका रुग्णास द्यावयाच्या व पुढच्या रुग्णास न देता नुसती विश्रांती, पथ्य व साधी पांढरी पूड द्यावयाची. मी विचारले होते की सर्वांनाच का देत नाही. आपण रागावला नाहीत. म्हणालात, "मास्तर, सगळ्यांना दिली आणि सगळे बरे झाले, तर गुण गोळीने आला की पलंगावर पडून राहिल्याने, हे मला कधीच कळणार नाही. आणि उद्या ही गोळी नागपूरला, मुंबईला कोणी मागितली तर मी छातीवर हात ठेवून काय सांगू?" ते मला पटले. मी मुलांना गणित शिकवतो. सही करून दिली. सिंधूच्या वाट्याला पांढरी पूड आली. ते आपण कोणाचे तोंड पाहून केले नाही, क्रमाने आले, हेही मला ठाऊक आहे.

५. सात नंबरवर जैनबबी आधीच आलेल्या होत्या. त्यांचे यजमान इनायतुल्ला अकोटास बांगड्यांचे दुकान चालवितात. जैनबबींचे वय पंचेचाळिशीच्या आतबाहेर. मुले मोठी, सुना घरात. त्यांना गोळ्या सुरू झाल्या आणि आठ-दहा दिवसांत त्या उठून बसू लागल्या, खिचडी खाऊ लागल्या. सिंधू त्याच दिवसांत अधिकाधिक खालावत होती. आमच्या घरच्या वळणामुळे पहिले काही दिवस सिंधू त्यांच्या हातचे पाणी घेत नसे. त्यांनी त्याचा राग धरला नाही. एके सकाळी सिंधू मोरीपाशी घेरी येऊन पडली. नर्सबाई त्या वेळी दुसऱ्या टोकाला होत्या. जैनबबींनी तिला उचलले, धुतले, तिचे कपडे बदलले व तोंडाला पाणी लावले. तेव्हापासून सिंधू त्यांना आपा म्हणते.

६. त्याच दिवशी दुपारी गोळ्यांची वाटणी सुरू झाली. हे सर्व मला काल सिंधूने सांगितले, तसे लिहितो. नर्सबाई सकाळी व रात्री रुग्णाने गोळ्या गिळेपर्यंत समोर उभ्या राहतात. दुपारच्या दोन वेळांस मात्र त्या एकट्या वीस खाटा पाहतात, त्यामुळे गोळ्या हातावर ठेवून पुढे जातात. जैनबबींनी त्या दुपारी आपल्या गोळ्या ओढणीच्या गाठीत बांधल्या आणि नर्सबाई वळल्यावर सिंधूच्या उशीखाली सरकविल्या. सिंधू नको म्हणाली. तेव्हा त्या म्हणाल्या, "तुह्या पोटात जे दुखणं तेच माह्या पोटात. मंग गोली मलेच काहून? घे चुपचाप. मले आता बरं हाय." सिंधूने पुन्हा नको म्हटले. त्यावर म्हणाल्या, "माहे लेकरं मोठे झाले. तुही पोरगी अजून बोट धरून चालते. आता बोललीस तं मी बोलणंच सोडीन तुह्यासंग." सिंधूने गोळ्या घेतल्या. माझ्या पत्नीच्या बाजूने मी एवढेच लिहू शकतो की तिला जगायचे होते.

७. पुढे काय झाले ते आपणांस माहीत आहे, फक्त कारण माहीत नव्हते. सिंधूचे रक्त कमी झाले. मी दर रविवारी येत असे व तिच्या गालावर मांस दिसू लागलेले पाहून देवाचे आभार मानीत असे. तिची लघवी पिवळीजर्द होते असे एकदा ती बोलता बोलता म्हणाली होती, पण मला त्यातून काही उमगले नाही. उलट जैनबबींना पुन्हा रक्त पडू लागले, अधिक पडू लागले, आणि आपण गोळ्या वाढविल्या तरी थांबेना. वाढविलेल्यांतल्याही निम्म्या त्या सिंधूस देत होत्या. परवा फेरीच्या वेळी आपण सहायक डॉक्टरांस इंग्रजीत काही सांगितले. सिंधूस इंग्रजी येत नाही, पण 'सेव्हन' व 'एट' हे आकडे तिला कळले, आणि आपण आधी जैनबबींकडे पाहून मान हलविली व नंतर तिच्याकडे पाहून हसलात हेही तिने पाहिले. मग नर्सबाईंनी खाट सातचे ऑपरेशन ठरल्याचे मराठीत सांगितले.

८. सिंधूला ताप आल्याचे कळल्यावरून मी काल आलो, तेव्हा दुपारी व्हरांड्यात इनायतुल्लामियाँ मला भेटले. ते संमतीच्या कागदावर सही करून बाहेर आले होते. मोठा धिप्पाड माणूस, पण खांबाला धरून उभे होते. मला म्हणाले, "मास्तर, डाक्टरसाहेब म्हणते, आतडं काढून टाकू, पोटाले भोक पाडू, तिथूनच सारं जाईन, जन्मभर. ते बी बाई टेबलावरून उठली तं. मी इचारलं, किती भरोसा? म्हणे आधाआधी. खोटं नाई बोलले, साफ सांगितलं. मास्तर, तुमची बाई तं बिनागोलीची बरी होऊन राहिली. माहीले गोली देऊन देऊन असं काहून झालं?" मी त्यांना धीर धरा म्हणालो. त्या वेळी मला काही ठाऊक नव्हते. पण त्यानंतर अर्ध्या तासाने सर्व ठाऊक झाले आणि मी बाहेर आलो, तेव्हा ते अजून त्याच खांबापाशी होते व त्यांनी मला पाहून सलाम केला. मी त्यांच्या पुढून निघून गेलो. अजून त्यांना सांगितलेले नाही. आपल्याआधी त्यांना सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

९. सिंधूने मला सांगितले ते असे. ती भिंतीकडे तोंड करून निजली होती. मी बसलो तशी वळली आणि म्हणाली, "आपांना माझ्यामुळे कापणार आहेत." घशामुळे आवाज फुटत नव्हता. सर्व सांगून झाल्यावर मी तिला काय म्हणालो तेही लिहितो. मी म्हणालो, "गप्प बस. कोणाला बोलू नकोस. तुला इथून काढून टाकतील." साहेब, ते माझ्या तोंडून भीतीने निघाले. संमतिपत्रात नियम मोडल्यास नाव कमी करण्याचे कलम आहे. मला बार्शीटाकळीतले आमचे घर दिसले, ती मोरी दिसली, आणि कुंदाला कडेवर घेतलेली माझी आई दिसली. सिंधूने माझा हात धरला. त्या हाताची आग होत होती. ती म्हणाली, "मी आपांना कालच म्हटलं, सांगते म्हणून. त्या म्हणाल्या, सांगशील तर गोळ्या बंद होतील तुझ्या, मी काय, माझं वय झालं. त्या ऑपरेशनला घाबरलेल्या आहेत हो. रात्रंदिवस कलमा पुटपुटतात. पण सांगत नाहीत. तुम्ही लिहून द्या. तुम्ही नाही दिलंत तर उद्या मी साहेबांच्या पायावर पडेन, मग काय व्हायचं ते होवो." मी बरे म्हणालो. शेजारच्या खाटेवर जैनबबी डोळे मिटून पडल्या होत्या. त्या झोपल्या होत्या असे मला वाटत नाही.

१०. आज सकाळी दवाखाना उघडताच मी आपल्या कचेरीत आलो. आपण नागपुरास गेला असून सायंकाळच्या गाडीने बडनेऱ्यास उतराल असे कळले. सहायक डॉक्टरांस मी तोंडी सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले. पण ते म्हणाले, "मास्तर, अशा वेळी नातेवाईक काय वाटेल ते सांगतात. ऑपरेशन टळावे म्हणून बाया गोष्टी रचतात. साहेबांचा निर्णय मी तोंडी बोलण्यावर फिरवू शकत नाही. लेखी द्या, पुरावा द्या." त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. सिंधूचे रक्त तरी घ्या अशी विनंती केली. ते यादीत नाव नाही म्हणाले, पण मग म्हणाले की साहेब आल्याबरोबर घेऊ. तोवर जैनबबींना आज उपाशी ठेवले आहे व उद्यासाठी पोट साफ करण्याची तयारी चालू आहे. मी पुन्हा वॉर्डाच्या दारापर्यंत गेलो. भेटीची वेळ नसल्याने आत सोडले नाही. दारातून सिंधूचा हात खाटेच्या कडेवरून खाली लोंबताना दिसला, आणि तो हलतो की नाही हे पाहत मी बराच वेळ उभा होतो. हलला.

११. पुरावा म्हणून जे जवळ आहे ते सोबत जोडले आहे. सिंधूने काल गिळता न आल्यामुळे राहिलेल्या गोळ्या माझ्या हातात दिल्या. त्या खाट सातच्याच आहेत. ओढणीच्या गाठीवर पिवळे डाग पडले आहेत, तेही आपण पाहू शकाल. सिंधूची लघवी तपासल्यास औषध तिच्या अंगात आहे हे कळेल असे मला वाटते. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नये, पण तिच्या रक्तावर ठेवावा.

१२. नर्सबाईंवर यात काही ठपका येऊ नये. वीस खाटांमागे एक बाई असली म्हणजे तिला दोन डोळेच असणार. जैनबबींवर तर मुळीच येऊ नये. त्यांनी आपले औषध दिले. परीक्षण नासले हे खरे. गोळीने गुण येत नाही व नुसत्या विश्रांतीने येतो, असे या दोन खाटांवरून आपल्या अहवालात उतरले असते, आणि ते वाचून कुठल्या तरी गावच्या कुठल्या तरी बाईला ही गोळी मिळाली नसती, याची जाणीव मला काल संध्याकाळपासून आहे व त्या जाणिवेनेही मला भय वाटते. या दोघींची नावे हिशेबातून काढावीत, पण खाटांवरून काढू नयेत.

१३. आता शेवटचे व सर्वांत कठीण. सिंधूने निक्षून सांगितले आहे की तिच्या नावाने असे लिहावे : "यापुढे सर्व गोळ्या आपांना द्याव्यात, मला एकही नको, व मला घरी पाठविले तरी चालेल." तिच्या नावाने ते मी लिहिले. पण अर्जदार म्हणून माझे मागणे तेच आहे असे मी लिहू शकत नाही. साहेब, मला दोन्ही बायका जिवंत हव्या आहेत. ते न्यायाचे आहे की नाही, गोळ्या तेवढ्या आहेत की नाहीत, यातले मला काही कळत नाही. एकीची निवड करणे भाग पडले तर ती आपण करावी व मला विचारू नये, कारण मला विचारल्यास मी सिंधूचे नाव घेईन आणि मग इनायतुल्लामियाँच्या समोर उभा राहू शकणार नाही.

या अर्जाच्या दोन प्रती केल्या आहेत. एक पुंजाराम चपराशाजवळ आपल्या बंगल्यावर ठेवली आहे. ती नजरेआड राहिली तर, या भीतीने दुसरी घेऊन मी स्वतः बडनेरा स्टेशनावर येत आहे. मी काळी टोपी व पांढरा कोट घातला असून माझ्या हातात हा लखोटा असेल. कृपा करून थांबावे.

आपल्या निर्णयाकडे डोळे लावून असलेला,
नम्र अर्जदार
चिंतामण गणेश पिंपळखुटे

मुक्काम अमरावती, बुधवार, ता. २० नोव्हेंबर १९४६

सोबत :
पिवळ्या गोळ्या, कागदाच्या पुडीत.
ओढणीची डाग पडलेली कड; काल मी उठताना सिंधूच्या आग्रहावरून जैनबबींनी अखेर फाडून दिली.
सौ. सिंधूच्या हातचे दोन ओळींचे निवेदन. अक्षर लागत नसल्यास कारण ताप आहे.

शेरा (ता. २० नोव्हेंबर)

बडनेऱ्यास फलाटावर मिळाला, टांग्यात वाचला. खाट सातची शस्त्रक्रिया तहकूब. आजपासून चारही वेळच्या गोळ्या नर्सने समोर उभे राहून गिळवाव्यात. दुपारपाळीस आणखी एक बाई नेमावी. खाट आठचे रक्त रात्रीच मी स्वतः पाहिले. पांढऱ्या पेशी फार घटलेल्या आहेत. तिच्या गोळ्या ताबडतोब व कायमच्या बंद. वेगळ्या खोलीत ठेवावे. पेनिसिलिनसाठी नागपुरास तार केली आहे. इनायतुल्ला यांस मी सर्व सांगितले. अर्जदारास ते करावे लागले नाही. दोन्ही रुग्ण परीक्षणातून कमी, रुग्णालयातून नाही.

शेरा (ता. ८ जानेवारी १९४७)

खाट सात : पुरी मात्रा पोटात जाऊ लागल्यावर रक्त हळूहळू थांबले. शस्त्रक्रियेची गरज उरली नाही. आज घरी पाठविली. गोळ्या चालू ठेवावयाच्या आहेत.

खाट आठ : ताप उतरण्यास फार दिवस लागले. दोनदा आशा सोडली होती. आता पेशी पूर्ववत आहेत. आतड्याचे दुखणे थोडे शिल्लक आहे व या जातीची गोळी तिला पुन्हा कधीही देता येणार नाही. पथ्य व विश्रांती यांवर ठेवून पाहत आहोत. दुखणे पुन्हा उसळेल का, असे अर्जदार प्रत्येक रविवारी विचारतात. त्यांची भीती अवाजवी आहे असे मला सांगता आलेले नाही.

खाट सातची बाई आज सकाळी जाण्यास तयार नव्हती. शेजारीण बरी झाल्यावाचून हलणार नाही, म्हणाली. तिचे यजमान, नर्स व मी, कोणाचेच ऐकेना. अखेर खाट आठच उठून आली व तिला दंडाला धरून टांग्यापर्यंत चालत घेऊन गेली.